हुजऱ्या म्हणावे कोणाला?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या सार्वजनिक चर्चेला एक विचित्र वळण लागले आहे. विषय कोणताही असो, कांद्याचा भाव असो वा शाळेचे क्रमिक पुस्तक, दोन-चार वाक्ये होतात न होतात तोच एका बाजूने ‘अंधभक्त’ हा शब्द भिरकावला जातो आणि दुसऱ्या बाजूने ‘चमचे’, ‘गुलाम’, ‘परकीयांचे हस्तक’ हे शब्द परत येतात. तेथे चर्चा संपते. दोन्ही बाजूंचा आरोप वस्तुतः एकच आहे : समोरचा माणूस स्वतःच्या बुद्धीने बोलत नाही, तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो. हा आरोप किरकोळ नव्हे. एखाद्याला खोटे बोलणारा म्हटले तर त्याच्या एका कृतीला दोष दिला जातो. त्याला हुजऱ्या म्हटले की त्याला स्वतःचे मन आहे हेच नाकारले जाते. इतका जड धोंडा उचलून फेकण्यापूर्वी त्याचे वजन तरी ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

आपल्या मंडळींचा विशेष आवडता शब्द म्हणजे ‘लांगूलचालन’. मतांसाठी केलेल्या अनुनयाला आपण वर्षानुवर्षे हा शब्द लावत आलो आणि तो इतका घासला गेला की त्यातील लांगूल, म्हणजे शेपूट, आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. शब्द भर्तृहरीच्या नीतिशतकातला. वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ती मुखोद्गत असत. त्या श्लोकात एक कुत्रा आहे आणि एक हत्ती आहे. कुत्रा शेपूट हालवतो, पायांशी पडतो, जमिनीवर लोळून तोंड आणि पोट दाखवतो. गजराज मात्र शांतपणे पाहत उभा राहतो आणि शंभरदा मनधरणी झाल्यावर घास घेतो.

हा श्लोक सर्वांना माहीत असतो. त्यातील एक शब्द मात्र सहसा निसटतो. कुत्रा हे सारे कोणापुढे करतो? भर्तृहरी तेथे स्वामी म्हणत नाही, राजा म्हणत नाही, सज्जनही म्हणत नाही. तो म्हणतो ‘पिंडद’, म्हणजे घास देणारा. कोण देतो याच्याशी शेपटीला कर्तव्य नाही. उद्या दुसरा देऊ लागला तर शेपूट तिकडे हालेल. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हत्तीही खातोच. तो उपाशी राहतो, अरण्यात निघून जातो, असे कवीने कोठेही म्हटलेले नाही. तोही दुसऱ्याच्याच हातचा घास घेतो; पण घास घेताना तो हत्तीच राहतो. (जाता जाता : ‘चाटू’ हा शब्द चाटण्यावरून आला, असा पुष्कळांचा समज असतो. संस्कृतात चाटु म्हणजे गोड, आर्जवी बोलणे. आणि या श्लोकात ते आर्जव हत्ती करीत नाही, त्याला भरवणारा करतो!)

म्हणजे कोणाचे अन्न खाल्ले, कोणाकडून साहाय्य घेतले, कोणापुढे मान लववली, एवढ्यावरून कोणी हुजऱ्या ठरत नाही. भर्तृहरीची कसोटी अधिक कठोर आहे आणि ती आपणांसही सोडत नाही.

आता ‘हुजऱ्या’ हाच शब्द पाहू. मूळ अरबी ‘हुजूर’, अर्थ उपस्थिती, सान्निध्य. जो राजाच्या सन्निध असतो, ज्याला हाक मारताच जो पुढे येतो, तो हुजऱ्या. मराठेशाहीत ही एक साधी, प्रामाणिक चाकरी होती. राजाच्या खास हाताखालील फौज ती ‘हुजरात’, आणि खाशा घोडदळाची जागा ती ‘हुजूरपागा’. पुण्यात १८८४ मध्ये मुलींची जी शाळा सुरू झाली तिला हेच नाव चिकटले आणि आज त्या नावात मानाखेरीज काहीही नाही. मग एकाच घरातील एक शब्द शाळेच्या पाटीवर गेला आणि दुसरा शिवी झाला, हे कसे? उत्तर सोपे आहे. दरबारात हुजऱ्या असणे हे काम होते. दरबार संपल्यानंतरही जो हुजऱ्याच राहिला, विचारसभेत, ग्रंथसभेत, ग्रामपंचायतीत ज्याने तीच अदब चालवली, त्याच्यासाठी तो शब्द शिल्लक उरला. झीलकऱ्याचेही तेच. शाहिरामागे उभे राहून सूर लांबवणे ही कला आहे. पण स्वतःचे मत देण्याच्या जागी बसून दुसऱ्याची री ओढणे याला मराठी माणूस कधीही कला म्हणाला नाही. ‘होयबा’ या शब्दाला तर कोशात शोधण्याचीही गरज नाही. ‘होय बा’ एवढेच ज्याचे भाषण, त्याचे नावही तेवढेच.

आणि सान्निध्याचा दुसरा नमुनाही आपल्याच इतिहासात आहे. केडगाव-दौंडच्या मुलखातून फार दूर नसलेल्या पुरंदरच्या पायथ्याशी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झा राजा जयसिंगाशी तह केला आणि तेवीस किल्ले दिले. ते वाकणे होते, यात संशय नाही. पुढच्याच वर्षी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या भर दरबारात त्यांना मागच्या रांगेत उभे केले, तेव्हा त्यांनी बादशहाकडे पाठ फिरवली आणि देऊ केलेली खिलत नाकारली. तेवीस किल्ले देणारा माणूस एक वस्त्र घेत नाही! किल्ले राजकारणात गेले होते आणि परत घेता येणार होते. मागच्या रांगेत उभे राहून घेतलेले ते वस्त्र परत करता आले नसते. हुजुरात उभे राहूनही हुजऱ्या न होणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

‘चमचा’ हा त्या मानाने अलीकडचा. वस्तू आणि शब्द दोन्ही फारसीच्या वाटेने आले. मराठी स्वयंपाकघरात पळी होती, डाव होता. पण शिवी म्हणून या शब्दाची खरी मीमांसा केली ती कांशीराम यांनी. ते तरुणपणी पुण्यातच संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत नोकरीस होते आणि त्यांचे सार्वजनिक आयुष्य येथूनच सुरू झाले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यास झालेल्या पुणे कराराला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, १९८२ मध्ये त्यांनी ‘चमचा युग’ या विषयावर एक इंग्रजी पुस्तकच प्रसिद्ध केले. पुणे कराराविषयीची त्यांची भूमिका आम्हांस मान्य नाही. परंतु चमच्याची त्यांनी केलेली फोड अचूक आहे : चमचा स्वतःहून हालत नाही, त्याला धरणारा हात लागतो, आणि तो हात चमच्याच्या नव्हे, स्वतःच्याच तोंडाकडे जातो. यातील शेवटचा भाग आमचा, पण कांशीराम यांनी तो नाकारला असता असे वाटत नाही.

राहिला ‘भक्त’. या शब्दाची जी विटंबना चालली आहे तिचा आम्हांस संताप येतो. पण संतापाने अर्थ कळत नाही. संस्कृत ‘भज्’ धातूचा मूळ अर्थ वाटणे, वाटा घेणे. भाग, विभाग, भक्ती, भजन ही सारी त्याच धातूची लेकरे. इतकेच नव्हे, तर ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेले अन्न, शिजवलेला तांदूळ. आपल्या रोजच्या पानातील ‘भात’ हा शब्द त्यातूनच आला आहे. म्हणजे भक्त हा भागीदार आहे. एकाच पंक्तीला बसून जो वाटा घेतो तो भक्त, आणि अंगणात फेकलेल्या तुकड्यासाठी जो शेपूट हालवतो तो दुसरा. दोघेही अन्नाशी जोडलेले. पण एकाच्या पुढे पान मांडलेले आहे. जेजुरीला खंडोबाची तळी भरली जाते, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणून पाच माणसे ताम्हन उचलतात. त्यांना कोणी खुशमस्करे म्हणत नाही. पण तीच तळी देवाऐवजी एखाद्या पुढाऱ्याची उचलली की मराठीत तो वाक्प्रचार होतो, आणि तो गौरवाने वापरला जात नाही. आपल्या भाषेला हा भेद पक्का ठाऊक आहे. भक्ती हा शब्द शिवी कोणी केला? टीकाकारांनी, हे खरे. पण त्यांच्या हातात तो आयता देणारे, माणसांच्या तळ्या उचलणारे, त्यात कोणीच नव्हते काय?

एवढे शब्दांचे झाले. आता ही कसोटी जेथे लावणे आपणांस सर्वांत अवघड जाईल, अशा एका ठिकाणी ती लावून पाहू. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण ते बेट केडगावच्या नारायण महाराजांच्या दत्तस्थानामुळे ओळखतात. त्याच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या घरांतून एक ठराविक वाक्य ऐकू येते : विदुषी खरी, पण मिशनऱ्यांच्या ओंजळीने पाणी प्याली. हे वाक्य शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे, आणि ते तपासण्याची आवश्यकता कोणास वाटलेली नाही.

तपासू या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, जन्म १८५८ चा. आईवडील दुष्काळातील भ्रमंतीत गेले. संस्कृताच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे धर्मांतर आम्हांस तेव्हाच्या पुणेकरांइतकेच दुःखद वाटते. परंतु पुढे काय झाले? राहायला छप्पर त्या मठाचे, अन्न त्या मठाचे, मुलगी मनोरमाही त्यांच्याच देखरेखीखाली. भर्तृहरीच्या भाषेत बोलायचे तर पिंडद समोर उभा होता. आणि या बाई काय करीत होत्या? मांसाहार नाकारत होत्या. हा जुना जातिसंस्कार सुटत नाही म्हणून त्यांना बोल लावला जाई, तरी नाकारत होत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, आमच्या प्राचीन भाषेपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र ते काय, असे विचारीत होत्या. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांत व्याख्याने देऊन आलेल्या या बाईने त्या बिशपांचा अधिकारच मानला नाही. १८८५ च्या पत्रात सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी स्वच्छ कळवले की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, आणि येथील पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी तयारी नाही.

पहिल्या जोखडाविषयीचे त्यांचे मत आपणांस बोचेल. बोचू द्यावे. दुसऱ्या जोखडाविषयी त्या जे बोलल्या ते त्या काळी, साम्राज्याच्या माहेरघरी, आश्रित म्हणून राहत असताना किती हिंदी माणसे बोलली असती?

केडगावची गोष्ट याच्या पुढची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली गोळा करून त्यांनी त्या केडगावच्या जमिनीवर आणल्या. मुली उपाशी होत्या, काही मरणोन्मुख होत्या. त्या वेळी त्यांच्यासाठी आपल्यापैकी कोण किती धावले, हा प्रश्न येथे विचारला तर विषयांतर होईल, म्हणून विचारीत नाही. त्याच १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर आणि सरकारी अंमलबजावणीचा जुलूम चालू होता. रमाबाईंनी सरकारी प्लेग-रुग्णालयात मुलींची कशी दुर्दशा होते यावर मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात जाहीर लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या राजवटीला ते झोंबले आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. राज्यकर्ता ख्रिस्ती, पत्र ख्रिस्ती, लेखिका ख्रिस्ती. आणि तरीही टीका. त्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर नव्याने केले, मिशनऱ्यांची तयार भाषांतरे हाताशी असताना! खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी हवे, हा त्यांचा हट्ट. तेथील छापखाना स्त्रियांनी चालवला. त्या १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला. त्या ग्रंथातील सिद्धांत आम्ही मानत नाही, पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा माणूस पासष्टीच्या उंबरठ्यापर्यंत स्वतःची विहीर खणत बसत नाही.

येथे वाचक विचारतील, मग १८९३ च्या शारदा सदन प्रकरणाचे काय? योग्य प्रश्न आहे. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर हिंदू विधवांना त्यांच्या पालकांनी तेथे पाठवले होते. मुली प्रार्थनेस बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि ‘केसरी’ने कोरडे ओढले. मुली स्वेच्छेने येतात, असे रमाबाईंचे म्हणणे होते. अजाण, आश्रित मुलीच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो, हा ‘केसरी’चा आक्षेप आम्हांस आजही बिनतोड वाटतो. पण हा आक्षेप विश्वासभंगाचा आहे. तो सिद्ध झाला तर रमाबाई चुकल्या असे ठरेल. त्या कोणाच्या हुजऱ्या होत्या असे नव्हे. उलट, रानड्यांचा शब्दही ज्यांनी मानला नाही त्यांना दुसऱ्याच्या तंत्राने चालणाऱ्या कसे म्हणावे? माणूस विरुद्ध बाजूला असून ताठ असू शकतो, आणि आपल्या बाजूला असून सरपटणारा असू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वैचारिक लढाईच संपते. ज्याला आपण हस्तक म्हणून मोकळे होतो त्याला उत्तर द्यायचे कशाला? आणि उत्तर देण्याची सवय सुटली की आपली माणसेही उत्तरे मागेनाशी होतात.

आणीबाणीत हे सर्व आपण भोगले आहे. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बारुआ यांनी देश आणि इंदिराजी एकच असल्याचे सांगितले, आणि त्या वाक्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत शिकलेली माणसे कमी नव्हती. वृत्तपत्रांना वाकायला सांगितले तर ती रांगू लागली, असे अडवाणींनी पुढे म्हटले ते उगाच नव्हे. त्याच १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातील मंत्री, व्यासपीठावर. आणि अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्याच व्यासपीठावरून आजारी जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. दुर्गाबाई काही आपल्या विचारांच्या नव्हत्या. ज्या घरांतील कर्ती माणसे त्या वेळी मिसाखाली कारागृहात होती, त्या घरांनी मात्र त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतले.

आजचे चित्र काय? २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील दोन पक्ष दुभंगले, तेव्हा चौकाचौकांतील फलकांवरची मोठी छायाचित्रे कशी बदलली हे सर्वांनी पाहिले. खालची छोटी छायाचित्रे तीच होती, हात जोडलेले तेच, मजकूर तोच, फक्त वरचा चेहरा दुसरा. भर्तृहरीला याचे नवल वाटले नसते. हे इतरांचे झाले म्हणून आपण हसलो. पण आपल्याकडे काय चालले आहे? वाढदिवसाच्या पुरवण्या, सत्काराचे हार, वरिष्ठ बोलत असताना माना डोलावणारी पहिली रांग, आणि बैठक संपल्यावर जिन्यात उतरताना होणारी खरी चर्चा, हे आपल्याला अपरिचित आहे असे कोणी प्रामाणिकपणे म्हणेल काय? ज्या कार्यकर्त्याने तीस वर्षे स्वतःच्या खिशातले पैसे घालून काम केले त्याने एक शंका विचारली की तो ‘नकारात्मक’ ठरतो. आणि काल आलेला माणूस दोन स्तुतिपर भाषणे करून व्यासपीठावर बसतो. अनुशासन हवेच. अनुशासनाशिवाय कोणतेही कार्य उभे राहिले नाही. पण ‘शिष्य’ आणि ‘अनुशासन’ हे दोन्ही शब्द ‘शास्’ या एकाच धातूचे, आणि त्याचा अर्थ शिकवणे असाही आहे. जेथे प्रश्न विचारलेला चालत नाही तेथे शिकवणे होत नाही. केवळ हुकूम होतो.

रमाबाईंची ती वाँटेजची पत्रे आपल्याला आज वाचावयास मिळतात ती कोणामुळे? ज्यांना ती सर्वाधिक झोंबली त्या सिस्टर जेराल्डीन यांनीच ती जपली आणि संकलित केली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये, म्हणजे आणीबाणी उठली त्याच वर्षी, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. आपल्या शिष्येने आपली आज्ञा मोडल्याचा पुरावा त्या बाईने वर्षानुवर्षे कपाटात सांभाळला. आपल्या कार्यालयांतही कपाटे आहेत. कार्यकर्त्यांनी वरिष्ठांना लिहिलेली असहमतीची किती पत्रे त्यांत आहेत, आणि किती पत्रे लिहिलीच गेली नाहीत, याची चौकशी येत्या वार्षिक बैठकीपूर्वी प्रत्येक शाखेने करावयास हरकत नाही.